देश बदललेलं मूल आणि न बदलणारी शाळा

दर वर्षी जून-जुलैमधे वडोदऱ्यातल्या मराठी घरांमधे एक वाद ठरलेला असतो. कॅनडा, अमेरिका, दुबईहून कोणी ना कोणी आलेलं असतं, कोणी जायच्या तयारीत असतं, आणि जेवणं झाली की विषय निघतोच, मुलांना घेऊन जायचं तर कितवीच्या आत न्यायचं आणि परत आणायचं तर कितवीच्या आत आणायचं. एक काका ठामपणे पाचवी म्हणतात, दुसरे आठवी, तिसरं कोणी म्हणतं मुलं काय, पाण्यासारखी असतात, ज्या भांड्यात ओताल तो आकार घेतात, आणि चौथ्याचा सल्ला असतो की परत आणताय तर पैसे खर्च करा आणि सरळ इंटरनॅशनल बोर्डात घाला, बाकीची कटकटच नको. जानेवारी २०२४ मधे कॅनडानं स्टडी परमिटवर मर्यादा घातली, पाठोपाठ जोडीदाराच्या वर्क परमिटचे नियमही आवळले, तेव्हापासून हा वाद जास्तच तापलाय, कारण जे तिथे कायमचं राहायचा हिशेब करून गेले होते त्यातले बरेच जण आता परतीचा हिशेब करायला लागलेत. मला ह्या वादाचा त्रास होतो तो एवढ्यासाठी की सगळ्या बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकलीये. जुळवून घ्यायचं काम मुलाचं आहे, फक्त ते त्याला कोणत्या वयात झेपेल एवढंच ठरवायचं राहिलंय, असं सगळे धरून चालतात. मला हे मूळ गृहीतकच मान्य नाही. मूल देश बदलतं तेव्हा जुळवून घेण्याचा मोठा भार ते ज्या शाळेत येतं त्या शाळेनं उचलायला हवा, आणि आईवडिलांनी तो हक्कानं मागायला हवा. हे मागितलं जात नाही तोवर पाचवी की आठवी, सीबीएसई की गुजरात बोर्ड, ह्या चर्चेतून मुलाच्या हाती काही लागणार नाही.

आता समोरच्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा आधीच मान्य करते. मुलं जुळवून घेतात हे खरंच आहे, आणि वडोद्याच्या माणसानं तर ते नाकारूच नये. ज्या राजाच्या नावानं आपलं विद्यापीठ आहे तो स्वतः असाच उचलून आणलेला मुलगा होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळराव १८७५ मधे बारा वर्षांचा असताना दत्तक म्हणून बडोद्याला आला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती, आणि तिथून तो सयाजीराव झाला, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी चारही भाषा शिकला. पण हे उदाहरण देणारे अर्ध्यावरच थांबतात. त्या मुलाला कोणी आणून पाण्यात ढकललं नव्हतं. त्याच्यासाठी वेगळी शाळा उघडली, इलियटसाहेबांसारखा शिक्षक नेमला, दिवाण टी. माधवरावांनी अभ्यासाकडे जातीनं लक्ष दिलं, आणि १८८१ च्या शेवटी राज्याचे पूर्ण अधिकार हातात दिले तोपर्यंत सहा वर्षं हे चाललं. बारा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांबरोबर बसवा असं कोणी म्हणालं नाही, आणि हुशार आहे, बघून बघून शिकेल असंही कोणी म्हणालं नाही. मुलगा कुठून आलाय, त्याला काय येतं, काय येत नाही हे आधी बघितलं गेलं आणि मग त्याच्याभोवती शिक्षण उभं केलं गेलं. राजाचा मुलगा होता म्हणून झालं हे, कबूल. पण त्याच राजानं पुढे १८९३ मधे अमरेलीत आणि १९०६ मधे सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि गुजराती शाळांच्या बरोबरीनं मराठी आणि उर्दू शाळाही चालवल्या. राजवाड्यात जे एकाला मिळालं त्यातलं काहीतरी शेतकऱ्याच्या पोराला मिळालं पाहिजे हे त्याला कळलं होतं. मग आपल्याला आज का कळू नये?

दुसरं उदाहरणही बडोद्याचंच आहे आणि ते जास्त अवघड आहे. अरविंद घोष सात वर्षांचे असताना १८७९ मधे वडिलांनी त्यांना आणि दोघा भावांना इंग्लंडला नेऊन मँचेस्टरच्या एका कुटुंबात ठेवलं, मुलांवर हिंदुस्थानी वळणाची सावलीही पडू नये अशी सक्त ताकीद देऊन. मग लंडनचं सेंट पॉल्स, मग केंब्रिज, आणि १८९३ मधे विसाव्या वर्षी ते परत आले ते थेट बडोद्याच्या नोकरीत. ग्रीक-लॅटिनमधे बक्षिसं मिळवलेला हा तरुण स्वतःच्या आईची भाषा नीट बोलू शकत नव्हता. बंगाली तो बडोद्यात राहून शिकला, बोलायचा सराव व्हावा म्हणून पुढे बंगालहून दिनेंद्रकुमार रॉय ह्या लेखकाला मुद्दाम बोलावून घेतलं, आणि त्याच वर्षांत संस्कृत, मराठी, गुजरातीही शिकला. ह्यातून दोन्ही बाजू आपापला अर्थ काढू शकतात. एक म्हणेल बघा, सगळं तुटलं तरी नंतर जोडता येतं. येतं, पण अरविंदांची बुद्धी असेल तर, पुस्तकांसाठी वेळ असेल तर, घरी शिक्षक ठेवायची ऐपत असेल तर. मला त्यातून दिसतं ते असं की एका देशात बसवण्यासाठी मुलाला दुसऱ्या देशातून मुळासकट उपटायचं हा निर्णय बापानं घेतला आणि त्याची भरपाई मुलानं विशी-पंचविशीत, स्वतःच्या कष्टानं केली. आपल्याकडे आज तेच चाललंय, फक्त बोटीऐवजी विमान आहे.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. "ॲडजस्ट झाला हो, दोन महिन्यांत झाला" हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो? बहुतेक वेळा ते मनापासून म्हटलेलं असतं आणि बहुतेक वेळा अपुरं असतं. मूल मैदानावर खेळायला लागलं, वर्गात मित्र झाले, गरब्याला गेलं, कँटीनमधे गुजरातीत हुज्जत घालायला लागलं की आपण समजतो झालं काम. टोरांटोतल्या जिम कमिन्स ह्या भाषाशिक्षणतज्ज्ञानं १९८० च्या आसपास तिथल्याच शाळांमधल्या बाहेरून आलेल्या मुलांची माहिती तपासून एक साधी पण फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा, म्हणजे धडा वाचून त्यातला युक्तिवाद समजणं, उत्तर लिहिणं, गणितातलं शाब्दिक उदाहरण सोडवणं, ह्यात सोबतच्या मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. ह्या दोन आकड्यांच्या मधे जी वर्षं आहेत ना, त्यातच मुलं हरवतात. बोलतंय छान म्हणून शिक्षक आणि आईबाप दोघंही भाषेचा प्रश्न संपला समजतात, मग चाचणीत मार्क कमी आले की निष्कर्ष काढतात की मूल ढ आहे, आळशी आहे, तिकडे लाडावलंय. कॅनडातून आलेली, बोलायला चुणचुणीत असलेली एखादी चौथीतली मुलगी हिंदीच्या पेपरला कोरी पानं देते आणि तिला "लक्ष नाही" असा शेरा मिळतो, हे मी वेगवेगळ्या घरांमधे बघितलंय. तिला लक्ष नाही हे कशावरून ठरलं? तिला हिंदी वाचायला कोणी शिकवलं होतं का हे कोणी विचारलं? आणि हे एकाच दिशेनं होतं असंही नाही. इथून तिकडे गेलेला मुलगा पहिली दोन वर्षं गणितात सगळ्यांच्या पुढे असतो, पाढे पाठ असतात, भागाकार तोंडी येतो, घरचे खूश असतात, आणि पुढे जेव्हा उत्तरासोबत तू विचार कसा केलास हे चार वाक्यांत लिहायला लागतं तेव्हा तो अडतो, आणि आपण म्हणतो तिकडे जाऊन बिघडला.

अडायच्या जागा किती बारीक असतात हे बाहेरून दिसतच नाही. तिकडे स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनंतर येतो, इकडे हजारानंतर दोन-दोन आकड्यांनी, तर १२,५०,००० हा आकडा बघून मूल थबकतं आणि लाख-कोटीच्या धड्यात मागे पडतं. तारीख लिहिताना महिना आधी की दिवस आधी इथपासून गोंधळ. इतिहासात त्याला १८६७ मधे कॅनडाचं संघराज्य कसं झालं ते सांगता येतं आणि पानिपत म्हणजे गाव की माणूस हे माहीत नसतं. त्यात कॅलेंडरचा वेगळाच घोळ, सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, गुजरात बोर्डाचं जूनला, कॅनडाचं सप्टेंबरला, ऑस्ट्रेलियाचं जानेवारीच्या शेवटाला, त्यामुळे कुठूनही कुठेही गेलं तरी काही महिने एकतर दोनदा शिकावे लागतात किंवा शिकायचेच राहतात. आखातातल्या सीबीएसई शाळांमधून येणाऱ्यांचं ह्यातलं बरंच वाचतं कारण पुस्तकं तीच आणि वर्षही एप्रिललाच सुरू होतं, पण बाकीच्यांनी काय करायचं? ह्यातली एकही गोष्ट मोठी नाही, प्रत्येकीला दोन तास नाहीतर दोन आठवडे पुरतात, पण ते दोन आठवडे कोणीतरी मुलाजवळ बसलं पाहिजे. आज ते काम कोण करतं? ट्यूशनवाले. म्हणजे ज्याला परवडतं त्याचं होतं.

मग निघतो तो सल्ला, एक वर्ष मागे बसवा, काय बिघडतं, पाया पक्का होईल. हा सल्ला देणारे वाईट हेतूनं देत नाहीत, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यात तथ्यही असू शकतं. शिवाय आकडा कमी झाला म्हणजे मूल मागे गेलं असंही नसतं, हे परत येणाऱ्या आईवडिलांनी समजून घ्यायला हवं. इंग्लंडमधे इयर वनला पाच वर्षांची मुलं असतात, गुजरातमधे २०२३-२४ पासून पहिलीला १ जूनला सहा पूर्ण असावी लागतात, त्यामुळे लंडनहून इयर फोरमधलं मूल इथे तिसरीत बसलं तर ते त्याच्या वयाच्याच मुलांमधे बसलंय, त्याला कोणी खाली ढकललेलं नाही, त्यावरून प्रिन्सिपलशी भांडायचं कारण नाही. ओंटारियोत वय ३१ डिसेंबरला धरतात, तर ऑक्टोबरात जन्मलेलं मूल तिथली तिसरी पूर्ण करून येतं आणि इथल्या वयाच्या हिशेबानं परत तिसरीतच येतं. म्हणून बघायचं ते वय. पण अकरा वर्षांच्या मुलीला हिंदी येत नाही म्हणून साडेनऊ वर्षांच्या मुलांमधे बसवणं हा उपाय असूच शकत नाही. तिला गणित येतं, विज्ञान येतं, इंग्रजी शिक्षकांपेक्षा बरं येतं, एक विषय येत नाही, आणि त्या एका विषयासाठी तिचं सगळंच वर्ष परत करायचं? बरं, त्या खालच्या वर्गात तरी तिला हिंदीची अक्षरं पहिल्यापासून कोण शिकवणार आहे, तिथेही धडा पुढेच चाललेला असतो. देश सुटला, आजूबाजूची माणसं सुटली, मैत्रिणी सुटल्या, आता तिच्या वयाच्या मुलीही सुटल्या. मागे बसवणं शाळेला सोपं पडतं, कारण त्यात शाळेला काहीच करावं लागत नाही.

इंटरनॅशनल बोर्डाचा मुद्दा मला पूर्णपणे खोडून काढायचा नाहीये. १९२४ मधे जिनिव्हात जी इंटरनॅशनल स्कूल निघाली ती लीग ऑफ नेशन्स आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी, आणि त्याच शहरात १९६८ मधे आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हे बोर्ड, सुरू झालं, कारण ह्या मुलांना आज इथे तर तीन वर्षांनी तिसऱ्याच देशात जायचं असायचं आणि कुठल्याही विद्यापीठात चालेल असं एक प्रमाणपत्र हवं होतं. म्हणजे ही व्यवस्था पुन्हा निघून जाणाऱ्यांसाठी बांधलेली आहे. तुमची बदलीची नोकरी असेल, दोन वर्षांनी सिंगापूर नक्की असेल, तर जरूर घाला, त्यात शहाणपण आहे. पण कायमचं वडोदऱ्यात राहायला आलेल्या घरानं मुलाला ह्या शहरापासून जपून ठेवण्यासाठी तिथे घालणं हे मला पटत नाही. त्याचे आजी-आजोबा मराठी बोलतात, शेजारी गुजराती बोलतात, रिक्षावाला, दुकानदार, मैदानावरची मुलं सगळी गुजरातीत, आणि मूल मात्र सकाळी एका आवारात जातं आणि संध्याकाळी दुसऱ्या आवारात परत येतं. असं दहा वर्षं राहिलेल्या मुलाला आपण परत आणलं असं म्हणायचं का? आणि ज्यांना त्या फिया झेपत नाहीत, आणि परत येणाऱ्यांमधे असे खूप आहेत, नोकरी गेलेले, व्हिसा संपलेले, तिकडे कर्ज काढून गेलेले, त्यांच्यासाठी ह्या सल्ल्याचा उपयोग काय?

"सगळ्यांना सारखं शिकवतो, एकासाठी वेगळं कसं करणार" हे शाळांचं उत्तर वरवर न्यायाचं वाटतं. ह्याच प्रश्नावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९७४ मधे निकाल दिला, लाऊ विरुद्ध निकोल्स. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी बोलणाऱ्या सुमारे १,८०० मुलांना इंग्रजी येत नसताना इंग्रजी वर्गात नुसतं बसवून ठेवलं होतं, जादा मदत काही नाही. शाळांचं म्हणणं होतं पुस्तकं तीच, शिक्षक तेच, इमारत तीच, मग अन्याय कसला? कोर्टानं म्हटलं की ज्याला शिकवण्याची भाषाच कळत नाही त्याला तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही. आज अमेरिकेत आपल्या मुलांना इंग्रजीसाठी जी वेगळी मदत मिळते तिच्यामागे ह्या आईबापांची कोर्टातली लढाई आहे. त्याआधी इंग्लंडनं काय करून बघितलं तेही आठवावं. १९६५ मधे तिथल्या शिक्षण खात्यानं सुचवलं की एका शाळेत बाहेरून आलेल्यांची मुलं साधारण एक तृतीयांशाहून जास्त नकोत, आणि साउथॉल, ब्रॅडफर्डसारख्या ठिकाणची आशियाई मुलं रोज बसमधे घालून लांबच्या शाळांत पाठवली जायला लागली. गोऱ्या मुलांना कोणी बसमधे घातलं नाही. भाषा शिकवणं बाजूलाच राहिलं, मुलांचे तास प्रवासात गेले, आणि शेवटी ते बंद करावं लागलं. क्युबेकनं तिसरा रस्ता घेतला, १९७७ च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेत जाणं बंधनकारक केलं, पण सक्तीसोबत स्वागताचे वेगळे वर्गही ठेवले, जिथे मूल आधी फ्रेंच शिकतं आणि मग नेहमीच्या वर्गात जातं. सक्ती आवडो न आवडो, निदान एवढं तिथे मान्य आहे की भाषा मागायची असेल तर आधी ती शिकवावी लागते. आपल्याकडे गुजरातनं २०२३ मधे कायदा करून सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीचं केलं. मला हा कायदा चुकीचा वाटत नाही, ह्या राज्यात राहायचं तर मुलांना गुजराती आलंच पाहिजे, आपल्या मराठी लोकांना तर पिढ्यान्पिढ्या येतंच आहे. पण सहावीत आलेल्या मुलाला गुजराती पहिल्या अक्षरापासून शिकवायचा तास कुठल्या शाळेच्या वेळापत्रकात आहे?

आश्चर्य वाटतं ते आपल्याच लोकांचं. टोरांटोला मुलाला शाळेत घातलं तेव्हा शाळेनं आपणहून त्याचं इंग्रजी तपासलं, ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या, शिक्षिकेनं आठवड्यातून काही तास वेगळं बसवलं, आणि ह्यात आईवडिलांना काहीच विशेष वाटलं नाही, शाळा म्हणजे हे करणारच. तेच आईवडील वडोदऱ्यात आले की ॲडमिशन मिळाली हेच उपकार समजून गप्प बसतात. मागायची भीती का वाटते? मागायला आधार नाही असं तर नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांबद्दल सांगतो की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्या, आणि बरोबरीला येण्यासाठी खास शिक्षण मिळवणं हा त्याचा हक्क आहे. सरकारी आणि ग्रँटेड (अनुदानित) शाळांना जुन्या शाळेची एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेऊन निवड करायला तर सगळ्याच शाळांना मनाई आहे. मान्य आहे, हा कायदा लिहिताना लोकांच्या डोळ्यासमोर शाळा सुटलेली मुलं होती, कॅनडातून आलेली नव्हती, आणि खासगी शाळा पळवाटा काढतील. पण वयाप्रमाणे वर्ग आणि सोबत जादा शिकवणी हे तत्त्व संसदेनं मान्य करून ठेवलेलं आहे, आपण काही नवीन मागत नाही. नववीच्या पुढे मात्र माझा आग्रह ढिला पडतो. सीबीएसईमधे नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे जोड धरतात, दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेशाला बोर्डाची परवानगी लागते, तर ज्याला हातात निवड आहे त्यानं नववी ते बारावीच्या मधे मुलाला हलवू नये. वयाची अट सांगणाऱ्यांचं इथे बरोबर आहे.

शाळेकडून मागायचं म्हणजे घरानं हात वर करायचे असं मी म्हणत नाहीये, आणि घरानं करायची सगळ्यात मोठी गोष्ट आपण उलटी करतो. मूल नवीन भाषेत अडखळलं की शिक्षक सांगतात घरी पण इंग्रजीच बोला, आणि आईबाप ऐकतात. तिकडे गेल्यावर मराठी थांबते कारण इंग्रजी पक्कं करायचंय, इकडे आल्यावर मराठी थांबते कारण आता हिंदी-गुजराती पक्कं करायचंय. कमिन्स ह्यांचंच म्हणणं आहे की एका भाषेत वाचायला-विचार करायला शिकलेलं दुसऱ्या भाषेत कामी येतं, ते वाया जात नाही. वडोद्याच्या मराठी घराला तर हे सांगायलाच नको. ज्या मुलाला देवनागरी वाचता येतं त्याला गुजराती लिपी काही आठवड्यांत येते, वरची रेघ नाही आणि थोडी अक्षरं वेगळी वळणाची, बाकी बाराखडी तीच, आणि हिंदीसाठी तर लिपीही शिकावी लागत नाही. म्हणजे तिकडे असताना मुलाला रोज अर्धा तास मराठी वाचायला लावलं असतं तर इथल्या दोन भाषांचा अर्धा रस्ता आधीच झाला असता. अमेरिकेत आणि कॅनडात मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळा आहेत, त्यांना आपले बरेच लोक सणावाराची हौस समजतात आणि बर्थडे पार्टी आली की बुडवतात. मी म्हणेन पार्टी बुडवा. जी भाषा टोरांटोत, दुबईत आणि वडोदऱ्यात तिन्हीकडे मुलासोबत असते ती एकच आहे, बाकी सगळं बदलतं, आणि आपण नेमकी तीच आधी सोडतो. १९७७ मधेच युरोपियन समुदायानं निर्देश काढून आपल्या सदस्य देशांना सांगितलं होतं की कामासाठी दुसऱ्या सदस्य देशातून आलेल्यांच्या मुलांना इथली भाषा शिकवा आणि त्यांची मातृभाषा टिकवायलाही मदत करा. ते सगळीकडे नीट पाळलं गेलं नाही, पण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत हे त्यांना तेव्हा दिसलं होतं.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. परदेशातून आलेल्यांची चिंता कशाला करता, त्यांचं होईल काहीतरी, ह्या शहरात दाहोदहून, छोटा उदेपूरहून बांधकामावर येणाऱ्यांची मुलं बघा, वर्षातून दोनदा शाळा सुटते त्यांची, घरी भिली किंवा राठवी बोलतात आणि शाळेत गुजराती पुस्तक हातात मिळतं, आधी त्यांचं बोला. हे शंभर टक्के खरं आहे. कोणाचं दुःख मोठं असं विचारलं तर त्यांचं मोठं आहे, तुलनाच नाही. पण उत्तर म्हणून एकाचं काम थांबवायचं का? अर्ध्या वर्षात आलेलं मूल, वेगळ्या भाषेचं, कागद अपुरे, मधलं बरंच शिकायचं राहिलेलं, ही अवस्था दोघांची सारखीच आहे आणि शाळेनं करायचं कामही सारखंच आहे, आल्या आल्या त्याला काय येतं ते बघणं, वयाच्या मुलांमधे बसवणं, भाषेसाठी रोज वेगळा तास देणं, आणि त्याची जबाबदारी एका माणसावर टाकणं. आजवर शाळांनी हे केलं नाही ह्याचं एक कारण असं की ज्यांना ह्याची सगळ्यात जास्त गरज होती त्यांचा आवाज ट्रस्टींपर्यंत कधी पोचला नाही. परत आलेल्या आईवडिलांचा पोचतो. त्यांनी स्वतःच्या मुलापुरती सवलत न मागता शाळेत आणि नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे हीच व्यवस्था सगळ्या बाहेरून आलेल्या मुलांसाठी मागितली तर आलिशान अपार्टमेंटमधल्या मुलाला आणि त्याच अपार्टमेंटच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला एकच तास मिळू शकतो.

शिक्षक म्हणतात एका वर्गात पन्नास-साठ मुलं, वर निवडणुकीची कामं, सर्वे, ऑनलाइन भरायचे फॉर्म, आम्ही हे कधी करायचं. त्यांच्यावर हे टाकूच नये असं माझंही मत आहे, वर्गशिक्षकाकडून हे होणार नाही. पण ह्या शहरात विद्यापीठाचं शिक्षणशास्त्राचं अख्खं फॅकल्टी आहे, दर वर्षी बी.एडचे विद्यार्थी इंटर्नशिपसाठी शहरातल्या शाळांमधे काही आठवडे असतातच, आणि मराठी-गुजराती दोन्ही उत्तम येणाऱ्या निवृत्त शिक्षिका तर जुन्या शहरातल्या प्रत्येक गल्लीत आणि प्रत्येक सोसायटीत आहेत. पाच-सहा शाळांनी मिळून एक वर्ग चालवला, दुपारी दोन तास, पहिलं सत्र संपेपर्यंत, तरी सुरुवातीला पुरेल, आणि दिवाळीनंतर ज्याला अजून लागेल त्याच्यासाठी पुढे चालू ठेवावा. पुढच्या जूनसाठी हे करायचं असेल तर शाळांशी बोलणं जानेवारीतच सुरू करावं लागेल, कारण वेळापत्रक आणि खोल्या मार्चपर्यंत ठरून जातात आणि सीबीएसईच्या शाळा तर एप्रिललाच उघडतात.